मागची बाजू बघू

भरतकाम करणाऱ्या चार बायका जिथे जमतात, तिथे पाचवी एक असतेच. ही पाचवी तुमच्या कामाला छान म्हणत नाही आणि नावंही ठेवत नाही. ती नुसता हात पुढे करते आणि म्हणते, "मागची बाजू बघू."

आमच्या सांगलीत, विश्रामबागेतल्या शनिवारच्या मंडळात या पाचवीला सगळे काकू म्हणतात. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. पण ती वहीही काकूंकडेच असते आणि मागच्या पानापासून लिहिलेली असते.

मंडळ तसं साधं. दर शनिवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमायचं, आठवडाभरात जे केलं ते दाखवायचं, जे जमलं नाही ते विचारायचं आणि भडंग संपेपर्यंत उठायचं नाही. गणपती पेठेत दोऱ्याची नवी लडी दिसली की घेणाऱ्या, आणि घेतली म्हणजे भरून झालीच असं समजणाऱ्या एक वहिनी इथे आहेत. मुलीच्या बारशाला सुरू केलेलं दुपटं आता तिच्या डोहाळजेवणापर्यंत पुरं करू, म्हणजे वाया जाणार नाही, असं म्हणणाऱ्या एक मावशी आहेत. एस.टी.तून निवृत्त झालेले एक भाऊ आहेत. ते क्रोशाचे रुमाल विणतात आणि एक ओळ संपली की तोंडाने 'टिंग टिंग' करून मगच पुढची सुरू करतात. पण ही सगळी रयत झाली. सत्ता काकूंची.

मंडळात नवीन आलेली बाई मोठ्या उमेदीने टेबलक्लॉथ उलगडते. त्यावर मोर असतो. नवीन बाईच्या टेबलक्लॉथवर मोरच असतो.

"अगं बाई, किती गोड!"

"पिसारा बघा ना, पिसारा!"

काकू मोराकडे ढुंकूनही बघत नाहीत. गळ्यातल्या साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवतात, कापडाचा कोपरा दोन बोटांत धरतात आणि मोराला पालथा पाडतात. मागे मोर नसतो. मागे गाठी असतात, दोऱ्यांची शेपटं असतात, आणि एक निळा दोरा चोचीपासून थेट पायापर्यंत तिरका गेलेला असतो.

"हे काय?"

"ते... दोन्हीकडे निळाच होता ना, म्हणून तसाच पुढे नेला."

"चोचीतून पायात?"

"हो."

"तोडायचा दोरा. दोरा काही सोन्याचा नाही."

मग त्या बाईला आपला मोर कधीच पूर्वीसारखा दिसत नाही. सरळ बाजूने बघतानाही तिला आतला तो निळा दोरा दिसत राहतो. टेबलक्लॉथ अंथरला की ती वर फ्लॉवरपॉट ठेवते.

काकूंच्या निकालाच्या तीनच पायऱ्या आहेत. वाईट कामाला "हं". बऱ्या कामाला "चालेल". आणि उत्तम कामाला "कोणी शिकवलं?", म्हणजे हे तुझं एकटीचं डोकं नव्हे. ही तिसरी पदवी फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे, आणि मिळालेल्यांनी "तुम्हीच काकू" एवढंच उत्तर द्यायचं असतं.

मागच्या बाजूचा कायदा काकूंना तोंडपाठ आहे आणि तो आम्हालाही तोंडपाठ करावा लागला आहे. कलम पहिलं, गाठ मारायची नाही. इस्त्री फिरली की गाठ पुढच्या बाजूला फोडासारखी उठते. सुरुवातीला दोऱ्याचं टोक मागे थोडं सोडायचं आणि टाके पडत गेले की त्यांच्याखालीच दाबून टाकायचं; शेवटही असाच, दोन-चार टाक्यांखालून सुई सरकवून. कलम दुसरं, एका वेळी हातभरच दोरा ओवायचा. जास्त लांब घेतला की सुईच्या नेढ्यातून पुन्हा पुन्हा जाऊन तो पिंजतो. "लांब दोरा घेते ती आळशी," हे या कलमाचं भाष्य. कलम तिसरं, लडीचा दोरा सहा पदरी असतो. दोन पदर हवे असतील तर जोडीने ओढायचे नाहीत, एकेक सुटा काढून मग एकत्र करायचे, म्हणजे पीळ बसत नाही आणि टाका भरून दिसतो. कलम चौथं, पांढऱ्या कापडामागून गडद दोऱ्याची उडी मारायची नाही, उजेडात ती चोरी दिसते. कलम पाचवं, लाल दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघायचा. कलम सहावं, भरलेलं कापड टॉवेलवर पालथं घालूनच इस्त्री करायची. हे सहावं कलम काकूंना अतिशय प्रिय आहे, कारण त्यात इस्त्रीलाही मागचीच बाजू बघावी लागते.

ही शिस्त त्यांच्या आईची. आईचं माहेर धारवाडचं. सांगली-मिरजेकडे अशा धारवाडच्या, विजापूरच्या लेकी घरोघर निघतात, आणि येताना इरकलबरोबर कसुतीही घेऊन येतात. कसुतीत कापडावर छापा उमटवून घ्यायची सोय नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि मोजून टाका घालायचा. टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंतीत सुई एक टाका वर, एक टाका खाली करत नक्षीच्या टोकापर्यंत जाते आणि मग त्याच वाटेने परत येते. येताना, जाताना रिकाम्या सोडलेल्या जागा भरते. नीट जमलं तर दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या. पण जातानाच परतीची वाट डोक्यात पक्की हवी, नाहीतर गोपुराच्या कळसावर अडकून बसायची वेळ येते. मुरगी म्हणजे हीच गवंती पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी. एक धागा मोजायचा चुकला की तुळशीवृंदावन कलतं, आणि मग सगळं उसवा.

"आई आधी मागून बघायची," काकू सांगतात. "पुढून बघायची गरजच पडायची नाही."

"पण काकू, बघणारे तर पुढूनच बघतात ना?" असं एकदा दुपट्याच्या मावशींनी विचारलं.

"पुढून सगळेच चांगले असतात," काकू म्हणाल्या. "माझी जाऊसुद्धा."

एवढ्या एका वाक्यात त्यांचं सगळं तत्त्वज्ञान आलं. काकूंना लोक फसवतील याची भीती नाही, लोक छान दिसतील याची भीती आहे.

भारताचा नकाशाही काकूंनी या एकाच कसोटीवर लावून घेतला आहे. पंजाबवर त्यांचा जीव, कारण जुन्या फुलकारीचं कामच कापडाच्या मागच्या बाजूने, खद्दराचे धागे मोजत केलेलं असतं. पुढे रेशीम आपोआप उमलतं. हिमाचलातल्या चंब्याला त्या मनातून नमस्कार करतात, कारण तिथल्या रुमालावर दोरुखा टाका असतो, कृष्ण आणि गोपी दोन्ही बाजूंनी सारख्याच नाचतात. गुजरातेत पाटणचा पटोला मान्य. ताणा आणि बाणा दोन्ही आधीच बांधून रंगवलेले, त्यामुळे उलटं-सुलटं हा प्रश्नच नाही. लखनौच्या बाबतीत मात्र त्या बरीच वर्षं साशंक होत्या. एवढं नाजूक, एवढं पांढरं, म्हणजे काहीतरी लपवत असणार. मग कोणीतरी त्यांच्या हातात चिकनचा कुर्ता दिला. त्यांनी तो उलटला आणि बघतच राहिल्या. पातळ मलमलीच्या मागे बखियाचे टाके दाट भरले होते आणि पुढे दिसत होती ती त्यांची नुसती सावली. "म्हणजे इथे सगळं मागेच आहे!" काकू म्हणाल्या आणि त्याच दिवशी लखनौला माफी मिळाली.

परदेशालाही हाच नियम. फ्रान्समधल्या बायो गावी 11व्या शतकातला सुमारे 70 मीटर लांबीचा एक भरतकामाचा पट आहे, तागाच्या कापडावर लोकरीने भरलेला, नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्याची गोष्ट सांगणारा. मंडळात कोणीतरी त्याची चित्रं आणली. आम्ही घोडे बघितले, जहाजं बघितली, राजाच्या डोळ्यातला बाण बघितला. काकूंनी विचारलं, "मागून बघितलंय का कोणी?" सगळे हसले. पुढे वाचताना कळलं की खरंच बघितलंय. 1982-83 साली तज्ज्ञांनी त्या पटाचं अस्तर बाजूला करून मागची बाजू तपासली, तिचे फोटो काढले, आणि उजेड न लागल्यामुळे तिथले रंग पुढच्यापेक्षा ताजे निघाले. काकूंनी हे ऐकलं आणि शांतपणे भडंग घेतलं. पण तो शनिवार आम्ही सगळे जरा सरळ बसलो होतो.

साहजिकच लग्नसराईत काकूंना मागणी असते. पैठणी घ्यायची म्हटलं की येवल्यापर्यंत त्यांना गाडीतून नेतात, जेवण घालतात, खिडकीची जागा देतात. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागून-पुढून सारखाच दिसतो, कारण नक्षीतला प्रत्येक रंग आपापल्या जागेपुरता विणून तिथल्या तिथे गुंतवलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत तेच रंगीत धागे मागून लांब वाहत जातात, नाहीतर कापून टाकलेले असतात. हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि भरल्या दुकानात, विक्रेत्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, पदर सावकाश पालथा घालणं वेगळं. एका दुकानात काकूंनी नुसता चष्मा लावला, एवढ्यात पलीकडून आवाज आला, "मावशी, ही सेमी आहे हं, ओरिजिनल आतून काढतो."

ही सवय कापडापाशी थांबली असती तर गोष्ट वेगळी. काकू थालीपीठ उलटून बघतात. करपलेली बाजू खाली घालून वाढणाऱ्या सुना त्यांना वासावरून कळतात. कोणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेल्या की सगळे हॉलमधलं खोटं छत बघत असताना काकू मागच्या दाराने बाहेर पडून ड्रेनेजचा पाइप बघून येतात. पुतणीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलाचा बायोडेटा सगळ्यांनी वाचला, शिक्षण वाचलं, पगार वाचला. काकूंनी कागद उलटला. मागे किराणामालाची यादी होती. "मुलगा काटकसरी आहे," काकूंनी जाहीर केलं आणि लग्न जमलं. संसार उत्तम चालला आहे. फक्त पुतणीला कधी कोरा कागद मिळत नाही.

काका शांत गृहस्थ आहेत. काकू विणकामही करतात, पण प्रत्येक ओळ सुलट विणतात; तसं विणलं की दोन्ही बाजूंना सारख्याच आडव्या रेघा येतात. शिवणी तर अशा मिळवलेल्या की शोधूनही सापडू नयेत. काका एक अख्खा हिवाळा स्वेटर उलटा घालून आमराईत फिरायला जात होते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्या दिवशी हे उघडकीला आलं त्या दिवशी काकूंनी शिरा केला.

काकूंच्या सत्तेला पहिलं आव्हान दिलं ते पुण्याहून टेक्स्टाइल डिझाइन शिकून आलेल्या एका मुलीने. तिने मंडळात एक पट आणला. पुढच्या बाजूला सुटे दोरे लोंबत होते, जागोजागी गाठी होत्या, चिंध्यांच्या कडा निसटलेल्या होत्या, मधेच एक भोक होतं. वहिनी "वेगळंच आहे नाही?" म्हणाल्या. मोठ्या माणसांना जे आवडत नाही त्याला ती वेगळंच म्हणतात. काकूंचे डोळे मात्र चमकले. पुढेच एवढा गोंधळ, तर मागे काय असेल! त्यांनी पट उलटला. मागची बाजू स्वच्छ होती. एकही गाठ नाही, एकही शेपूट नाही, टाके धुतल्या तांदळासारखे.

काकूंनी पट पुन्हा सरळ केला. पुन्हा उलटला.

"काकू, ते असंच असतं," मुलगी म्हणाली. "मुद्दाम केलंय. जे लपवतो ते पुढे आणायचं, अशी कल्पना आहे."

"कल्पना चांगली आहे," काकू म्हणाल्या. "फक्त तू ते उलटं धरलंयस."

तरीही जाताना दाराशी त्यांनी हळूच विचारलं, "कोणी शिकवलं?" आणि मुलीला उत्तर माहीत नसल्यामुळे तिने आपल्या कॉलेजातल्या मॅडमचं नाव सांगितलं. ते प्रकरण मिटायला पुढे बराच वेळ लागला.

मग मंडळाचं प्रदर्शन ठरलं. काकूंनी आपला कसुतीचा रुमाल द्यायचं कबूल केलं. गोपूर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं गवंती-मुरगीत, कारण मेंथीच्या फुल्या मागून पुढच्यासारख्या दिसत नाहीत आणि काकूंना ते खपत नाही. फ्रेमवाल्याला त्यांनी दोन्ही बाजूंनी काच लावायला सांगितली.

"मग भिंतीला कुठून लावणार?" त्याने विचारलं.

"भिंतीला लावणारच नाही."

म्हणून ती फ्रेम दालनाच्या मधोमध दोन दोऱ्यांनी टांगली गेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला डोक्याने धडकला. भाऊ तिच्यापाशी उभे राहून "पुढे सरका, पुढे सरका" करत होते. अभिप्रायाच्या वहीत सर्वांत जास्त उल्लेख काकूंच्या कामाचा झाला, त्यातले बरेच कपाळ चोळत लिहिलेले.

याच प्रदर्शनात, वहिनींकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या सासूबाई तासगावाकडून एक वाकळ घेऊन आल्या. वाकळ, म्हणजे शहरात जिला गोधडी म्हणून चौपट किमतीला विकतात ती. जुन्या लुगड्यांचे थर, कडेपासून आत आत वळत गेलेला धावदोरा, मुंगीच्या पावलाएवढे टाके. आम्ही सगळे गोळा झालो. काकूंनी चष्मा लावला.

वाकळ उलटली. पलीकडे दुसऱ्या लुगड्याचा हिरवा, आणि तोच धावदोरा. पुन्हा उलटली. अलीकडे अंजिरी, आणि तोच धावदोरा. काकू कडेने चाचपत गेल्या, कोपरे बघितले, दोरा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते शोधलं. सापडलं नाही.

"आजी, सरळ बाजू कुठली हिची?"

"थंडीत हिरवी, उन्हाळ्यात ही. हिरवीला मळ दिसत न्हाई."

"आणि आत काय घातलंय?"

"जुनंपानं. मालकांचं धोतर हाय, नातवाची झबली हायती."

"ते बघता येईल?"

"उसवा की," आजी म्हणाल्या. "बगा, आन् परत शिवून द्या."

काकूंना असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्या हसल्या, आणि आजींना हाताला धरून आपल्या टांगलेल्या फ्रेमपाशी घेऊन गेल्या. मागे आम्ही. काकूंनी स्वतः खिळे सोडवले, काच बाजूला केली आणि रुमाल आजींच्या हातात ठेवला. आता आजी तो पालथा घालणार, दोन्ही बाजू सारख्या बघून तोंडात बोट घालणार, अशी आमची खात्री होती.

आजींनी तो उलटला नाही. गोपुराकडे बघितलं नाही, पालखीकडेही नाही. रुमालाची चौघडी केली, दोन्ही तळहातांत दाबली, गालाला लावली.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या. "म्होरल्या वाकळंला आतल्या थरात चालंल."

वहिनींनी श्वास रोखला. भाऊंची टिंग टिंग थांबली. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घाला," त्या म्हणाल्या. "पण आत घालताना कुठली बाजू वर ठेवणार?"